खलाशी टिकवायचा तर त्याचं ऐका

नाखवा मंडळींनो, हंगाम तोंडावर आला की सगळ्या बंदरांत एकच गाऱ्हाणं: खलाशी टिकत नाही, उचल घेतो आणि पळतो. पण सगळा दोष त्याचाच का?

ग्वाल्हेर दर्यापासून लांब, तरी तिथल्या शिंद्यांच्या इतिहासात आपल्या कामाची गोष्ट आहे. १७६१ ला पानिपतावर महादजी शिंदे पायाला जबर जखमी होऊन पडले. राणेखान नावाच्या पखालजीने त्यांना बैलावर घालून वाचवलं, असं सांगतात. महादजींनी त्याला बक्षीस देऊन वाटेला लावलं नाही. भाऊ मानलं, सरदार केलं. १७८८ ला दिल्ली सोडवायला गेलेल्या फौजेच्या पुढाऱ्यांत हाच राणेखान होता. त्याच फौजेत जिवबादादा बक्षी होते आणि पार युरोपातून आलेला डी बॉईनही. जात, धर्म, मुलूख वेगळा; पण ज्याला जे जमतं ते त्याच्या हाती.

१७९४ ला महादजी गेले. दौलतरावांच्या काळात घरातच फाटलं. महादजींच्या विधवांनी बंड केलं, लखबादादांसारखे जुने सरदार त्यांच्या बाजूला गेले. १८०३ ला इंग्रजांशी जुंपली तेव्हा बरेच गोरे अधिकारी सोडून गेले. त्याच वर्षी असई आणि लासवारीला हार झाली. कारणं अनेक असतील, पण फाटक्या जाळ्यात मासळी राहत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आता आपल्या बोटीवर या. खलाशी नेपाळचा असो की आंध्रचा, वादळात दोर त्याच्याच हातात असतो. मग डिझेल, बर्फ, रेशनचा खर्च वजा करताना पावत्या त्याच्यासमोर का नकोत? दोर झिजलाय असं तो बोलला तर बंदर सोडायच्या आधी बघायला काय जातं? समुद्रात हुकूम तांडेलाचाच चालणार, तिथे मतदान नाही. पण ऐकून घ्यायला बंदरावर वेळ असतो.

सोसायटीतही तेच. मासळीचा भाव बाजारात बसणाऱ्या बायकांना आपल्यापेक्षा जास्त कळतो. राखीव जागेवर नाव लावून सहीपुरतं बोलवायचं, हे बंद झालं पाहिजे.

या हंगामात पहिल्या फेरीआधी सगळ्या खलाशांना एकत्र बसवा आणि वाट्याचा हिशोब उघड करा. खर्च काही नाही, फक्त नाखव्याने थोडं गप्प बसायचं.