डिझेल परवडते, पण कोणाला?

आपल्या घराण्यांत काही समजुती वाड्याच्या दस्तऐवजांसारख्या वारसाहक्काने चालत येतात. त्यांतली एक : गाडी घ्यायची तर डिझेलचीच, ती परवडते. दांडिया बाजारातले वाडे सुटले, मंडळी वासणा रोडच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली, पण ही समजूत सामानाबरोबर तिकडेही पोचली. मी बँकेत कारकून आहे आणि शिक्षणाने कॉमर्सचा, त्यामुळे कोणी 'परवडते' म्हटले की कागद-पेन्सिल घेऊन बसायची खोड आहे. तो हिशेब मांडून स्पष्ट सांगतो : वडोदऱ्यात राहून वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर गाडी फिरवणाऱ्या कुटुंबासाठी डिझेलची गाडी म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

ही समजूत एके काळी खरी होती, हे मान्य. 1998 साली टाटांची इंडिका पिंपरीच्या कारखान्यातून आली आणि मध्यमवर्गाला डिझेलची छोटी गाडी आटोक्यात आली. पेट्रोलवरचे सरकारी नियंत्रण जून 2010 मध्ये उठले, डिझेलवरचे राहिले. मे 2012 मध्ये दिल्लीत पेट्रोल 73 रुपये आणि डिझेल 41 रुपये लिटर होते. बत्तीस रुपयांचा फरक! तेव्हा डिझेल घेणारा शहाणाच होता. त्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या.

पण ती स्वस्ताई कोणाच्या नावावर होती? शेतकऱ्याच्या आणि एस.टी.च्या. 2011-12 या एका वर्षात डिझेल कमी भावाने विकल्याचा तोटा 81 हजार कोटींच्या वर गेला, आणि त्यातला वाटा एअरकंडिशन लावून लग्नाला जाणाऱ्या आपणही उचलला. किरीट पारीख समितीने 2010 मध्येच सुचवले होते की डिझेलच्या मोटारीवर 80 हजार रुपये जादा कर लावा. तेवढे धैर्य कुठल्या सरकारला झाले नाही.

पुढे काय झाले ते मात्र आपण लक्षात घेतलेच नाही. जानेवारी 2013 पासून डिझेल दरमहा साधारण पन्नास पैशांनी वाढवत नेले आणि ऑक्टोबर 2014 मध्ये नियंत्रणमुक्त केले. मे 2020 मध्ये, लॉकडाऊनमध्ये आपण घरात बसलो असताना, केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर 10 रुपये आणि डिझेलवर 13 रुपये वाढवले. जून 2020 मध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झाले.

आता आपल्या गावाकडे या. पुण्याचे मेहुणे किंवा इंदूरचे काका फोनवर सल्ला देतात, तो त्यांच्या गावच्या भावाचा असतो. मार्च 2024 मध्ये दर दोन-दोन रुपयांनी उतरल्यावर मुंबईत पेट्रोल 104 आणि डिझेल 92 होते, म्हणजे फरक बारा रुपये. वडोदऱ्यात पेट्रोल 94 च्या आसपास आणि डिझेल 90 च्या आसपास. फरक चार रुपये! कोयलीची रिफायनरी 1965 पासून आपल्या उशाला आहे म्हणून हे घडत नाही. गुजरात सरकारने नोव्हेंबर 2021 मध्ये ठरवलेला व्हॅट पेट्रोलवर 13.7 टक्के आणि डिझेलवर 14.9 टक्के, शिवाय दोन्हींवर 4 टक्के सेस. इतर राज्ये पेट्रोलवर जास्त कर घेतात, इथे टक्केवारी उलटी.

हिशेब त्याच भावांनी करू. एकाच गाडीचे पेट्रोल आणि डिझेल असे दोन प्रकार घ्या, किमतीत सव्वा लाखाचा फरक धरा. गावात आणि बाहेर मिळून पेट्रोलची गाडी लिटरला 14 आणि डिझेलची 18 किलोमीटर जाते असे धरू. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला 6 रुपये 71 पैसे, डिझेलचा 5 रुपये. बचत 1 रुपया 71 पैसे. वर्षाला 8 हजार किलोमीटर म्हणजे 13,680 रुपये, महिन्याला 1,140.

आणि तो जादा सव्वा लाख कुठून येतो? बहुतेकांचा कर्जातून. नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी त्याचा हप्ता बसतो महिन्याला 2,011 रुपये. म्हणजे 1,140 वाचवायला 2,011 मोजायचे! सात वर्षांत हा जादा भाग व्याजासकट 1 लाख 69 हजारांना पडतो. सर्व्हिसिंगचा वर्षाचा जादा खर्च दोन हजारच धरला, तरी ते पैसे वसूल व्हायला चौदा वर्षे लागतात. मुंबईच्या भावानेही महिन्याची बचत साधारण 1,550 च्या पुढे जात नाही.

यावर कोणीतरी छापील आकडा पुढे करतो, 'कंपनी चोवीस म्हणते, तुम्ही अठरा कसे धरता?' तो आकडा आपल्याच पुण्याच्या ए.आर.ए.आय. या संस्थेसारख्या ठिकाणी होणाऱ्या चाचणीतून येतो. वर्षानुवर्षे तिची पद्धत अशी : गाडी रोलरवर, एअरकंडिशन बंद, वीस मिनिटांच्या आत चाचणी पूर्ण, कमाल वेग ताशी 90. त्यात मांडवीची गर्दी नाही, मे महिन्याची दुपार नाही, मागच्या सीटवर आत्याबाई आणि डिकीत आंब्याच्या पेट्या नाहीत. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा ठीक आहे, घरखर्चाच्या वहीत लिहायला नाही. खरे अ‍ॅव्हरेज काढायची रीत साधी आहे. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिपमीटर शून्यावर आणा, पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. असे तीन-चार वेळा करा. डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याचदा खुशमस्कऱ्या असतो.

एप्रिल 2020 पासून बीएस-सिक्स आले तेव्हापासून आणखी एक खर्च मागे लागला आहे, त्याबद्दल शोरूममध्ये फारसे बोलत नाहीत. डिझेलच्या धुरातली काजळी अडवायला सायलेन्सरच्या मार्गात गाळणी असते, डी.पी.एफ. म्हणतात ती. साठलेली काजळी जाळायला धूर पुरेसा तापावा लागतो, आणि त्यासाठी गाडी बराच वेळ एका वेगाने पळावी लागते. कारेलीबागेतून रावपुऱ्यात भाजीला आणि नातवाला शाळेत सोडायला जाणाऱ्या गाडीची गाळणी तापणार कधी? मग दिवा लागतो, सर्व्हिस सेंटरच्या खेपा होतात. अर्धवट राहिलेल्या जाळण्यात डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकते. गाळणी बदलायचीच वेळ आली तर वर्षांची बचत एका बिलात गेली. शिवाय काही गाड्यांत अ‍ॅडब्लू नावाचे द्रावण वेगळे भरावे लागते.

मारुतीने एप्रिल 2020 मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, त्या उगीच नाहीत. त्यांच्या स्विफ्ट-डिझायरमध्ये बसणारे फियाटचे 1.3 लिटरचे इंजिन पुण्याजवळ रांजणगावलाही बनत असे, तेही त्याच वर्षी थांबले. छोटे डिझेल इंजिन नव्या नियमांत बसवणे कंपनीलाच परवडेना, ते आपल्याला परवडते म्हणे.

'हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने अ‍ॅव्हरेज पडते' हा आक्षेप बिनबुडाचा नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणून 14 ऐवजी 13 धरा. बचत महिन्याला 1,487 होते. हप्ता 2,011 चाच आहे. 'विकताना डिझेलला भाव येतो' असेही म्हणतात. जास्त किमतीला घेतलेली गाडी थोडी जास्त किमतीला जाणारच, त्यात कमाई कसली?

डिझेल कोणी घ्यावे? ज्याला रोज हालोलला नोकरीसाठी जाऊन यावे लागते, वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर होतात, त्याची महिन्याची बचत साडेतीन हजारांवर जाते. त्याने जरूर घ्यावे. गाडी हायवेवर पळत असल्याने त्याची गाळणीही साफ राहील. वर्षातून दोनदा पुणे आणि एकदा कुलदैवत एवढ्यासाठी लागणारे मोठे इंजिन मात्र उरलेले अकरा महिने पार्किंगमध्ये हप्ते खाते.

आणि व्हॅटचा तो उलटा आकडा विसरू नका. शेतकऱ्याच्या नावाने वर्षानुवर्षे डिझेल स्वस्त ठेवले ते मोटारवाल्यांनी जाळले, आणि आता पादऱ्याच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमधल्या डिझेलवर आपल्या मोटारीच्या पेट्रोलपेक्षा जास्त टक्के व्हॅट बसतो. आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये मते मागायला जे येतील, त्यांना चहा देण्याआधी हे 14.9 आणि 13.7 चे गणित समजावून सांगायला लावा.