झाड एक, फ्रेम्स १४०

हा अंक हातात पडेल तेव्हा रोहिण्या निघायला आठ-दहा दिवस उरलेले असतील. वळवाची एखादी सर येऊन गेली असेल आणि पुण्या-मुंबई-नाशिकच्या आपल्या मंडळींच्या बॅगा भरायला लागल्या असतील. ट्रायपॉड, जादा बॅटऱ्या, रेनकव्हर, मित्राकडून उसनी आणलेली एफ/१.४ ची लेन्स. मुक्काम भंडारदरा, घाटघर, साम्रद, रतनवाडी, नाहीतर पुरुषवाडी. राजमाचीवाले वेगळे, त्यांचा अभिमान वेगळा. विषय मात्र सगळ्यांचा एकच : काजवे. जून संपेपर्यंत आमच्याकडे काजव्यांच्या फोटोंचा इतका ढीग साचतो की, गणपती विसर्जन सोडलं तर दुसऱ्या कुठल्याच विषयाचा तेवढा साचत नाही.

म्हणून एक जुनं प्रकरण हंगामाआधीच उकरून काढतो. तीन वर्षांपूर्वी आपल्या जूनच्या अंकाच्या मुखपृष्ठावर काजव्यांनी लगडलेला बेहडा छापला होता, आठवत असेल. तो फोटो माझा. संपादकानं स्वतःचा फोटो मुखपृष्ठावर टाकू नये हा त्यातला पहिला धडा, पण तो बाजूला ठेवू. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पिवळे-हिरवे ठिपके, मागे निळसर डोंगर, खाली पायवाट. सोबत ओळ एवढीच : ‘काजव्यांची रात्र, भंडारदरा परिसर.’ फोटोचं कौतुक झालं, अंक संपला, मीही खूश होतो.

जुलैत एका वाचक बाईंचं पत्र आलं. मुखपृष्ठ बघून त्या दोन मुलांना आणि सासूबाईंना घेऊन गाडी करून गेल्या होत्या. रात्री झाडाखाली उभं राहिल्यावर धाकटी म्हणाली, ‘‘आई, फोटोतल्यासारखं का नाही दिसत?’’ बाईंनी तक्रार केली नव्हती, फक्त विचारलं होतं : आम्ही चुकीच्या दिवशी गेलो का? चुकीच्या दिवशी त्या अजिबात गेल्या नव्हत्या. पत्रातल्या वर्णनावरून तरी ऐन बहराची रात्र होती, समोर अख्खं झाड एका लयीत लुकलुकत होतं. आणि त्या पोरीला ते कमी वाटलं.

आता हिशेब देतो. तो फोटो १४० फ्रेम्सचा होता. प्रत्येक फ्रेम ३० सेकंदांची, म्हणजे ७० मिनिटं. डोंगर आणि पायवाट त्यात नव्हतीच. ती साडेसातच्या सुमाराला, अंधार पडायच्या आत, एफ/८ आणि आयएसओ २०० वर वेगळी टिपली होती. ट्रायपॉड हलवला नाही एवढंच काय ते प्रामाणिकपण. घरी येऊन सगळे थर एकावर एक ठेवले, ‘लाइटन’ मोड लावला, म्हणजे प्रत्येक जागी जो ठिपका सर्वांत उजळ तो राहतो. अशी ७० मिनिटांतली एकूण एक चमक एका कागदावर आली. कुठल्याही एका क्षणी त्या झाडावर त्यातला अगदी छोटा हिस्सा पेटलेला होता. हे त्या ओळीत लिहायला दहा-बारा शब्द पुरले असते.

थर लावणं हे पाप आहे, असं मी म्हणत नाही. काजव्यांच्या बाबतीत तर त्यामागे चोख तांत्रिक कारण आहे आणि नव्यानं जाणाऱ्यांनी ते समजून घ्यावं, कारण दरवर्षी त्याच चुका येतात. काजवा चमकतो तो क्षणभर. शटर ५ सेकंद उघडं ठेवा की ३०, त्या एका चमकेचा ठिपका तेवढाच उजळ येणार. चमक संपल्यावर शटर उघडं राहिलं म्हणून तिच्यात काही भर पडत नाही. वाढते ती ठिपक्यांची संख्या, आणि वाढतं आकाश. तेव्हा ठिपके फिके येत असतील तर शटर लांबवून उपयोग नाही. अ‍ॅपर्चर उघडा, नाहीतर आयएसओ चढवा. एफ/१.८, आयएसओ १६०० ते ३२००, इथून सुरुवात करा. आणि सत्तर मिनिटं एकाच दमात शटर उघडं ठेवलं तर आकाश पांढरं पडेल, सेन्सर तापून रवाळपणा वाढेल आणि एकोणसत्तराव्या मिनिटाला वळणावर एक जीप आली की सगळं मुसळ केरात. तुकडे केले तर जीपवाली फ्रेम काढून टाकता येते. थरांचा जन्म या गरजेतून झाला.

एक किरकोळ पण हटकून होणारी गोष्ट. कॅमेऱ्यातलं ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद करा. ते चालू असलं की ३० सेकंदांच्या प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा झाकल्या डोळ्यानं आणखी ३० सेकंदांची काळी फ्रेम घेतो. तासभर उभं राहून हाती अर्धाच तास लागतो, आणि आपण बॅटरीला शिव्या घालतो.

एकापेक्षा जास्त निगेटिव्ह वापरणं आपल्या कलेइतकंच जुनं आहे. फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रेनं १८५६-५७च्या सुमाराला समुद्राची जी छायाचित्रं काढली, त्यांतल्या काहींत आकाश एका निगेटिव्हचं आणि पाणी दुसऱ्याचं. त्या काळच्या काचेवरच्या रसायनाला निळा रंग इतका लवकर लागे की पाणी नीट येईस्तोवर ढग उडून जात. त्याची अडचण आणि आपली अडचण सख्ख्या बहिणी. तेव्हा थर लावणाऱ्याला उठून ‘खोटारडा’ म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. शिवाय हल्ली फोनच्या नाइट मोडमध्ये बटण एकदा दाबलं तरी आत पाच-दहा फ्रेम्स गुपचूप जुळवल्या जातात. ‘आमचा फोटो अगदी सिंगल शॉट’ असं फोनवाले छातीठोक सांगतात तेव्हा हसू येतं.

पण कुठेतरी रेघ ओढावी लागतेच. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २०१७ साली बक्षीस मिळालेल्या एका फोटोचं पुढच्या वर्षी काय झालं ते अनेकांनी वाचलं असेल. ब्राझीलच्या एमास राष्ट्रीय उद्यानातलं वारूळ, त्यावर एका भुंगेऱ्याच्या अळ्यांचे हिरवे दिवे, वर ताऱ्यांचं आकाश, आणि वारुळाशी आलेला मुंगीखाऊ. दिवे खरे, तारे खरे. मुंगीखाऊ मात्र पेंढा भरलेला असल्याचं मत तज्ज्ञांनी दिलं आणि म्युझियमनं बक्षीस काढून घेतलं. छायाचित्रकारानं आरोप नाकारला, पण निकाल फिरला नाही.

आपल्याकडे पेंढा भरलेले काजवे अजून आलेले नाहीत. पण गेल्या वर्षी एका फोटोत काजव्यांच्या झाडामागे आकाशगंगेचा गाभा दिमाखात उगवला होता, आणि तोही कळसूबाईच्या डोक्यावर. फोटो भंडारदऱ्याहून काढलेला, म्हणजे कळसूबाई उत्तरेला. आपल्या अक्षांशावरून आकाशगंगेचा गाभा दक्षिणेकडेच फिरतो; उत्तरेला तो दिसायचा तर पृथ्वीला कूस बदलावी लागेल. दुसऱ्या एका फोटोत तीन झाडांवर अगदी सारख्याच नक्षीत काजवे बसले होते. काजवे शिस्तीचे असतात, पण इतके नाही.

तर या हंगामापासून आपल्या मासिकात काजव्यांचा फोटो छापताना खाली तीन गोष्टी येतील : किती फ्रेम्स, प्रत्येकी किती सेकंद, आणि डोंगर-झाड-पायवाट वेगळ्या वेळी टिपली आहे का. लेन्स, बॉडी, आयएसओ त्यानंतर, जागा उरली तर. हे तपशील नसतील तर फोटो कितीही देखणा असो, परत जाईल. दुसऱ्या रात्रीचे किंवा दुसऱ्या झाडाचे थर मिसळलेले असतील तर तो चित्रांच्या विभागात पाठवा, तिथे त्याचं स्वागत आहे. शंका आली तर आम्ही मूळ रॉ फाइल्स मागू. राग मानू नये. आणि झाड नेमकं कुठलं हे आम्ही छापणार नाही. तालुका लिहू, फार तर धरण लिहू. मुखपृष्ठावरचा माझा बेहडा ज्यांनी शोधून काढला, त्यांच्या गाड्यांची रांग मी पुढच्याच जूनमध्ये डोळ्यांनी पाहिली आहे.

त्या रांगेबद्दल सविस्तर लिहायला हवं. त्या रात्री आमच्याबरोबर गावातले एक मामा होते. साठी ओलांडलेले, पायात टायरच्या चपला, हातात बॅटरी, पण ती शेवटपर्यंत पेटवली नाही. म्हणाले, ‘‘दहा मिनिटं गप उभं ऱ्हावा, मग समदं दिसंल.’’ दिसलंही. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, पण दहाव्या मिनिटालाच पायवाटेवरचे दगड उमटायला लागले होते. मग एका मंडळाचे पंधरा-वीस जण आले. फोकस जमवायला एकानं डोक्यावरचा पांढरा दिवा थेट झाडावर मारला आणि झाडाची डाव्या अंगाची लय विस्कटली. मग विझली. मामा काही बोलले नाहीत. आम्ही आणखी वीसेक मिनिटं थांबलो. त्या बाजूला तुरळक चमका आल्या, पहिल्यासारखी लय काही जुळली नाही.

काजव्याची चमक म्हणजे नराची साद. गवतात, पानावर बसलेली मादी तिला उत्तर देते, आणि त्यावर जोडी जमते. पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य ऑक्सिजनशी मिळून उजळतं आणि त्यात उष्णता जवळपास नसतेच. इतका काटकसरी दिवा आपल्यापैकी कुणाच्या बॅगेत नाही. अळी असताना हा जीव कित्येक महिने ओल्या मातीत, पालापाचोळ्यात गोगलगायी खात काढतो आणि पंख फुटल्यावर त्याला मिळतात दोन-तीन आठवडे. त्यातली एक रात्र आपल्या हेडलॅम्पनं गेली तर त्याच्या हिशेबात ती बरीच मोठी रात्र आहे. वनखातं गाड्यांवर आणि वेळेवर निर्बंध घालतं तेव्हा आपल्यातलेच काही जण ‘आम्ही काय प्लास्टिक टाकणारे पर्यटक आहोत का?’ म्हणून हुज्जत घालतात. प्लास्टिक आपण टाकत नाही, हे खरं. पण चांगला कोन मिळावा म्हणून पायवाट सोडून गवतात शिरतो, आणि मादी आणि अळी दोघींचा मुक्काम नेमका तिथेच असतो.

खरं तर फोकससाठी दिव्याची गरजच नाही. संधिप्रकाशात पोहोचा, झाडावर फोकस जमवा, लेन्स मॅन्युअलवर टाका आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. झालं. कॅमेऱ्याचा फोकसला मदत करणारा नारिंगी दिवा मेनूतून बंद करा, मागच्या पडद्यावर फोटो आपोआप झळकणं बंद करा, कार्डावर फाइल उतरताना लुकलुकणाऱ्या लाल टिकलीवर काळी टेप लावा. दिवा लागलाच तर लाल, मंद आणि पायाकडे. दमट हवेत लेन्सवर वाफ धरते, त्यासाठी फडक्यानं दर पाच मिनिटांनी पुसत बसू नका. हात शेकायची उष्ण पुडी मोज्यात घालून लेन्सभोवती रबरानं बांधली की चार तास निभावतं. दिसायला वेंधळं दिसतं, पण अंधारात बघतंय कोण!

‘कुठली लेन्स घेऊ?’ या प्रश्नाची पत्रं मे महिन्यात सर्वांत जास्त येतात, त्यांना इथेच उत्तर देतो. काजव्यांसाठी म्हणून नवा कॅमेरा घेऊ नका. दहा वर्षांपूर्वीची क्रॉप सेन्सरची बॉडी आणि ५० मिलिमीटर एफ/१.८ ची साधी प्लास्टिकची लेन्स, एवढ्यावर उत्तम काम होतं. किट लेन्सच्या एफ/३.५ पेक्षा ती जवळजवळ चौपट प्रकाश आत घेते, आणि कॅमेऱ्याच्या लेन्सांत तिच्याइतकं स्वस्त फारसं काही मिळत नाही. चौकट अरुंद होते हे खरं. दहा पावलं मागे सरका, पायवाटेवरूनच. पैसे उरलेच तर चांगल्या ट्रायपॉडवर घाला; १४० फ्रेम्समध्ये एकदा जरी तो खचला तर एफ/१.४ काही वाचवत नाही.

एक मागणीही आहे. यंदा एक तरी फ्रेम अशी पाठवा, जी एकच आहे. एक शटर, थर नाही, नंतर जोडलेला डोंगर नाही. ती कदाचित भुंडी दिसेल; काळ्या कागदावर सात-आठ ठिपके. तसल्या फ्रेम्ससाठी जुलैच्या अंकात चार पानं राखून ठेवली आहेत.

त्या पानांतला पहिला फोटो आधीच आला आहे. पत्र लिहिणाऱ्या बाईंना मी सगळा हिशेब कळवला होता, १४० फ्रेम्स, ७० मिनिटं, सगळं. गेल्या जूनमध्ये त्या पुन्हा गेल्या, त्याच मुलीला घेऊन. फोन एका दगडावर टेकवून मुलीनं फोटो काढला. डाव्या कोपऱ्यात आजीच्या पातळाचा अस्पष्ट काठ आला आहे, आणि मधोमध अकरा काजवे. नाइट मोड होता का, हे मी विचारलं आहे. उत्तर आलं की ओळीत छापू.