स्वयंसेवा कुणाची, राबणूक कुणाची?

५ डिसेंबर हा संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली ठरवलेला आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन. त्याच्या आगेमागे, नाहीतर गांधीजयंतीच्या आठवड्यात, नाहीतर ८ मार्चला आमच्यासारख्या संस्थांच्या कचेरीत फोन वाजू लागतात. कुणाला तरी 'एक दिवस समाजासाठी' द्यायचा असतो. पन्नास-साठ माणसं, एक बस, एक बॅनर, सगळ्यांच्या अंगात सारखे टी-शर्ट. मागणी एकच असते: "आमच्या माणसांना काहीतरी काम द्या."

माझं भांडण या वाक्याशी आहे. वस्तीला काय हवं आहे, हा प्रश्नच त्यात नाही. आणि आपण संस्थावाल्या घाईघाईने काम शोधू लागतो. काम सापडलं नाही तर तयार करतो.

मैत्रिणींनो, अशा एका दिवसाचा हिशेब मांडू. एका कंपनीचे साठ कर्मचारी आम्ही काम करतो त्या वस्तीतल्या अंगणवाडीच्या भिंती रंगवायला आले. कंपनी कोणती ते महत्त्वाचं नाही, सगळ्यांचं साधारण असंच असतं. भिंती आधी खरवडून, लांबी भरून ठेवायच्या होत्या. ते काम आमच्या दोन कार्यकर्त्या आणि बचतगटाच्या पाच बायकांनी आदल्या दोन दिवसांत केलं. नळाला पाणी सकाळी तासभरच येतं, म्हणून साठ जणांसाठी पिंपं भरून ठेवली. पाहुण्या बायकांसाठी चार घरांनी आपले संडास मोकळे करून दिले. पोहे केले, चहा केला. कार्यक्रम चार तासांत संपला, मग फरशीवर सांडलेला रंग खरवडत याच सातजणी रात्री आठपर्यंत बसल्या. पाचजणी धुणंभांडी करणाऱ्या. त्यांचे दोन-तीन खाडे पडले, पैसे कापले गेले. पाहुण्यांचा मात्र तो भरपगारी दिवस. प्रमाणपत्रं साठ निघाली. सातजणींपैकी एकीचंही नाव त्यात नव्हतं.

आता सांगा, त्या दिवशी स्वयंसेवक कोण होतं?

'स्वयंसेवा' या शब्दाचे आपल्याकडे दोन दर आहेत. ज्याच्याकडे नोकरी आहे, त्याने एक दिवस हात लावला की तो त्याचा मोठेपणा. गरीब बाईने वर्षभर काम केलं की तो तिला मजुरी न देण्याचा बहाणा. अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, पण सेविका आणि मदतनीस अजून सरकारदरबारी 'मानद' आहेत, म्हणजे वेतन नाही, मानधन. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, एवढं म्हणून घ्यायला एप्रिल २०२२ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. आशांची योजना २००५ ची. त्याही कागदोपत्री 'स्वयंसेविका'च. करोनाच्या काळात दारोदार फिरलेल्या या बायकांना जून २०२१ मध्ये महाराष्ट्रात संप करावा लागला. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. या २९९ मिनिटांना कुणी प्रमाणपत्र देत नाही. आणि स्वयंसेवक दिन भरवताना आपण त्यांत आणखी भर घालतो.

मग हे दिवस बंद करायचे का? माझं तसं म्हणणं नाही. हातात झाडू घेऊन गावात शिरणाऱ्या गाडगेबाबांच्या मुलखात आपण राहतो, श्रमदान आपल्याला परकं नाही. पण यजमानपण करायचं तर पूर्वतयारी हवी, आणि ती तयारी म्हणजे नुसतं बॅनर छापणं नव्हे.

पहिली गोष्ट, तारीख पाहुण्यांनी ठरवायची नाही. किमान सहा आठवडे आधी वस्तीतल्या बायकांची बैठक घ्या. कामांची यादी त्या करतील. आणि "आम्हाला यंदा कुणी नको" असं त्या म्हणाल्या तर ते उत्तर संस्थेने मान्य करायचं. नकार द्यायची सोय नसलेल्या बैठकीला संमती म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट, पाहुण्यांना येतं ते काम मागा. हिशेब तपासणारे, संगणक जाणणारे, कायदा शिकलेले लोक आपण भिंतीपुढे उभे करतो. रेशनकार्डाचे अर्ज भरणं, बचतगटाची वही लिहायला शिकवणं, निराधार योजनेचे कागद लावून देणं, ही कामं चार तासांत होतात आणि उरतात. त्याच अंगणवाडीची भिंत चौथ्यांदा रंगवण्यापेक्षा ती बरी.

तिसरी गोष्ट, खर्च आधी लेखी मागा. पाणी, जेवण, संडास, हातमोजे, प्रथमोपचार, झाडलोट, आणि तयारीत असलेल्या प्रत्येक बाईची रोजंदारी. मॅरेथॉनसारखे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरच्या खर्चात धरता येणार नाहीत, असं केंद्र सरकारने जून २०१४ मध्येच सांगितलं आहे. तेव्हा कंपनीने एका दिवसावर न थांबता वर्षभराच्या कामाशी बांधून घ्यावं, असं आपण बिनदिक्कत म्हणावं.

चौथी गोष्ट सुरक्षिततेची. लैंगिक छळविरोधी २०१३ च्या कायद्यात बिनपगारी, स्वेच्छेने काम करणारी व्यक्तीही 'कर्मचारी' आहे आणि स्वयंसेवी संस्था हेही 'कामाचं ठिकाण' आहे. दहा किंवा अधिक माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच, कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. त्या दिवशी तक्रार कुणाकडे करायची, हे पाहुण्यांना आणि वस्तीतल्या मुलींना सकाळीच सांगा. कुणीही पाहुणा एकट्या मुलाला घेऊन बाजूला जाणार नाही, हा नियम करा.

पाचवी गोष्ट फोटोंची. निवारागृहात कॅमेरा नको, "तुमची कहाणी सांगा" हेही नको. बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख छापणं हा गुन्हा आहे. पूर्वी तो दंड संहितेच्या २२८-अ कलमाखाली होता, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाखाली आहे. कायदा नसता तरीही दुसरीचं दुःख हे पाहुण्यांच्या करमणुकीचं साधन नाही.

आणि शेवटची, आठवड्याभरात पुन्हा बैठक. काय उरलं, काय मोडलं, कुणाचा खाडा पडला, याचा हिशेब वस्तीपुढे वाचायचा.

"असं वागलो तर देणगीदार निघून जातील," असं माझे सहकारी म्हणतात. काही जातील. समाजकार्याच्या अभ्यासात आम्हाला लोकसहभागाचे धडे होते. देणगीदाराला नाही कसं म्हणायचं, याचा धडा नव्हता. तो आता आपणच लिहायला हवा. आपल्या पाटीवर 'स्वयंसेवी संस्था' असं लिहिलेलं असतं. ती स्वयंसेवा वस्तीतल्या बाईच्या बुडालेल्या रोजंदारीतून होत असेल तर पाटी तरी बदलावी.

यंदाचा फोन येईल तेव्हा "किती जण येणार?" असं विचारण्याआधी "तयारी करणाऱ्या बायकांची मजुरी कोण देणार?" असं विचारा. काय उत्तर मिळालं ते आपल्या अंकाकडे लिहून पाठवा.