फाइल उघडते, मराठी उघडत नाही

गेल्या वीकएंडला पुण्याहून रेडीला गेलो होतो. काकांनी कपाटातून एक सीडी काढून हातात ठेवली. आजोबांच्या खाणीतल्या आठवणींची पुस्तिका २००४ साली छापली होती, तिची फाइल. १९७६ साली खाणीच्या परिसरात द्विभुज गणपतीची मूर्ती सापडली, तेही आजोबांनी त्यात लिहिलंय. आता आजोबा नाहीत, वही वाळवीने खाल्ली, छापील प्रत एकच उरली आणि तिचीही चार पानं गायब. म्हटलं, इंजिनियर नातवाचं दहा मिनिटांचं काम!

फाइल उघडली, तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. काका डोकावले, "ह्यां काय रे? आजोबांनी इंग्लिशीत कधी लिवल्यानी?"

कारण साधं आहे. त्या काळचे बहुतेक मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे. फॉन्ट गेला की मराठी गेली. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण पेजमेकरला युनिकोड कळायचंच नाही. त्यामुळे छापखान्यांना तरी कसा दोष देणार?

पण आज आपण काय करतो? प्रेसवाला म्हणतो, "कर्व्ह करून पाठवा." पाठवतो. अक्षरांची चित्रं होतात, छपाई बिनचूक येते, पण नंतर एक वेलांटीसुद्धा बदलता येत नाही. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड केला तरी छपाईपुरतंच भागतं. नुसता जुना फॉन्ट जपूनही खात्री नाही. टाइप १ फॉन्टचा सपोर्ट अ‍ॅडोबीने जानेवारी २०२३ मध्ये इनडिझाइनमधून काढून टाकला.

माझं मत स्पष्ट आहे. प्रेसची फाइल प्रेसला द्या, पण आपल्याकडे तीन गोष्टी ठेवाच: मूळ डिझाइन, त्यातला फॉन्ट आणि युनिकोडमधला साधा मजकूर. फॉन्ट शक्यतो मुक्त परवान्याचा घ्या. विकतचा फॉन्ट असा कुणालाही पाठवता येत नाही. 'तिरो देवनागरी मराठी' बिनधास्त देता येतो, शिवाय त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत.

असो. त्या सीडीतला फॉन्ट कुठला, ते अजून कळलेलं नाही. म्हणून उरलेली छापील पानं आणि ती खिचडी शेजारी ठेवून, कुठलं चिन्ह म्हणजे कुठला मराठी तुकडा याचा तक्ता बनवतोय. तक्ता झाला की हरवलेली चार पानंही वाचता येतील. दहा मिनिटांचं काम म्हणालो होतो, दोन वीकएंड गेलेत. तुमच्या घरातली सीडी आजच उघडून बघा.