वाफेच्या आधीची वसई

१८६७ साली विरारहून मुंबईकडे पहिली आगगाडी धावली आणि तेव्हाच आपल्या भागात उद्योगयुग अवतरले, असे मानणारे सुशिक्षित आजही पुष्कळ आहेत. जणू त्यापूर्वी या किनाऱ्यावरची माणसे केवळ मासळी वाळवीत बसली होती!

या मंडळींनी विरारजवळच्या आगाशीचा इतिहास वाचावा. सोळाव्या शतकात तेथे भर समुद्रात जाणारी गलबते बांधली जात. १५३० आणि १५३१ अशी लागोपाठ दोन वर्षे पोर्तुगीजांनी आगाशी लुटली, ती काय तेथे लुटण्याजोगे काही नव्हते म्हणून? पुढे तर आगाशीत बांधलेल्या जहाजातून त्यांनीच युरोपच्या फेऱ्या केल्या. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ मध्ये बांधलेली सागवानी युद्धनौका ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. कसबी हात होते, लाकूड होते, बाजारपेठाही होत्या.

राज्य मात्र गेले. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये अपार रक्त सांडून मिळविलेल्या याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौजेच्या तहावर सही केली. ज्याच्या हाती राज्य, त्याच्या हाती जकात! १८९६ मध्ये इंग्रज सरकारने आपल्याच देशातील गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसविला, तो लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या समाधानासाठी. इंग्लंडचे खुल्या व्यापाराचे अर्थशास्त्र हिंदुस्थानला जसेच्या तसे लागू पडत नाही, हे न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्येच पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सांगून ठेवले होते.

परंतु सारे खापर इंग्रजांच्या माथी फोडून मोकळे होणेही प्रामाणिकपणाचे नव्हे. जेम्स वॅट हा उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर. ग्लासगो विद्यापीठाने त्याला आपल्या आवारात जागा दिली. तेथील प्राध्यापक त्याच्या दुकानात येऊन बसत. वाफेचे सुधारित यंत्र त्या सहवासात घडले. आमच्याकडे शास्त्री आणि सुतार एका ओसरीवर कधी बसले? आगाशीच्या मिस्त्रीची विद्या त्याच्या हातातच राहिली. तिचा ग्रंथ झाला नाही, तिची शाळा निघाली नाही.

आणि आज? वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांतून यंत्रांचे सुटे भाग घडत आहेत. डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मच्छीमारांचे त्यावरचे आक्षेप हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे; पण तेथे लागणारी यंत्रे कोठे घडणार, हे विचारताना मात्र कोणी दिसत नाही. मुलीसाठी स्थळे पाहताना लेथ चालविणारा मुलगा आपण यादीतून सर्वांत आधी वगळतो, आणि संध्याकाळी स्वदेशीवरच्या व्याख्यानाला जातो.