वैर ठेवा, पण चालत जाण्याइतक्या अंतरावर

परवा रविवारी आमच्या कॉलनीत मीटिंग झाली. विषय, पोरांचं फुटबॉल. ठराव असा की दोन गल्ल्यांचे दोन संघ बंद, यापुढे केडगावच्या आमच्या भागाचा एकच संघ आणि एकाच रंगाचे टी-शर्ट. सगळ्यांचे हात वर गेले, माझा एकट्याचा खाली राहिला. घरी येईपर्यंत दादा माझ्याशी बोलला नाही. जिना चढताना एवढंच म्हणाला, "तुला भांडणं हवीच असतात का रे?"

हो दादा, हवी असतात. का हवी असतात ते तिथल्या गोंगाटात सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. वहिनी वाचून दाखवेलच तुला.

बाहेरच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. पुण्याहून नगरला येताना शहराच्या अलीकडे लागतं ते केडगाव. रेणुकामातेचं देऊळ, नवरात्रातली गर्दी, नेप्तीच्या कांदा मार्केटला जाणाऱ्या गाड्या. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी आमच्या तोंडून अजून 'नगर'च निघतं. कॉलनीत एक मोकळा प्लॉट आहे. त्याच्या या बाजूची पोरं आणि त्या बाजूची पोरं गेली काही वर्षं दर रविवारी एकमेकांशी खेळतात. गेल्या महिन्यात एका गोलवरून वाद झाला, धक्काबुक्की झाली, एका पोराचा दात पडला. त्यावरून ही मीटिंग.

आता याच्याच जोडीला आमच्या घरातली गोष्ट. माझा मुलगा मँचेस्टर युनायटेडवाला, दादाचा मुलगा मँचेस्टर सिटीवाला. एक लाल, एक आकाशी. दोघांनीही मँचेस्टर पाहिलेलं नाही. मँचेस्टर सोडा, मुंबईसुद्धा एकदाच, तीही लग्नाला. पण या दोन सख्ख्या चुलतभावांनी एका सामन्यावरून फोनवर एकमेकांना असलं काही लिहिलं की पंधरा दिवस एकाच जिन्यावरून माना वळवून जात होते. याच्यावर मात्र मीटिंग नाही. का? तर दात पडला नाही.

मी दोघांना समोर बसवलं आणि विचारलं, की बाबांनो, तुमच्या या वैराबद्दल तुम्हाला काय माहीत आहे? खेळाडूंच्या किमती पाठ होत्या. कोण किती कोटींना आला, कोण कुठे जाणार, सगळं पाठ. मग मी सांगायला लागलो. दुसऱ्या महायुद्धात १९४१ मध्ये बॉम्ब पडून युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड मोडलं. युद्ध संपल्यावर १९४९ पर्यंत युनायटेडचे सामने कुठे झाले? सिटीच्या मेन रोड मैदानावर. युनायटेडला मोठं करणारा मॅट बस्बी खेळाडू म्हणून कुणाचा होता? सिटीचा. १९३४ चा एफए कप त्याने सिटीकडून जिंकला होता. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकला युनायटेडच्या संघाचं विमान कोसळलं, तेवीस माणसं गेली. त्यात फ्रँक स्विफ्ट होता. सिटीचा जुना गोलकीपर, त्या दौऱ्यावर पत्रकार म्हणून गेलेला.

आणि शेवटचं. त्या अपघाताला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १० फेब्रुवारी २००८ ला, ओल्ड ट्रॅफर्डवर नेमका या दोघांचाच सामना होता. सामन्याआधी शांतता पाळायची होती. सगळ्यांना धास्ती, की सिटीचे लोक मध्येच ओरडणार, गालबोट लागणार. कुणी ओरडलं नाही. अख्खं स्टेडियम गप्प उभं राहिलं. मग शिट्टी झाली, आणि सिटीने युनायटेडला त्यांच्याच घरात २-१ असं हरवलं.

पोरं गप्प झाली. मला म्हणायचंय ते एवढंच. एका शहरात राहणाऱ्यांच्या वैरात हे सगळं येतं. बॉम्ब पडल्यावर मैदान देणं येतं, सुतक पाळणं येतं, आणि सुतक संपताच हरवणंही येतं. आमच्या पोरांनी त्यातलं फक्त हरवणं आणि हिणवणं डाउनलोड करून घेतलंय. बाकीचं त्या फोनमध्ये मावत नाही.

तुम्ही म्हणाल, हे साहेबांच्या देशातलं झालं. तर मग कोल्हापूरला चला.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी शिरोली एमआयडीसीत होतो आणि खोली होती मंगळवार पेठेत. नगरकडचा मी कुस्ती आणि क्रिकेट जाणणारा. कोल्हापुरात बघतो तर तालमींचेच फुटबॉल संघ! पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. शिवाय शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. सामने शाहू स्टेडियमवर, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचे, म्हणजे १९४० पासून चालत आलेल्या संस्थेचे. तिथे 'तू कुणाचा' असं विचारायची पाळी येत नाही. कुठे राहतोस ते सांगितलं की झालं. मंगळवार पेठेत राहतो म्हणजे मी पाटाकडीलचा, आणि शिवाजी पेठेतला माझा कंपनीतला मित्र शिवाजी मंडळाचा. दोन पेठांमध्ये अंतर किती? बोलत बोलत चालत गेलं तर बोलणं संपायच्या आत पोहोचतो. वर्ल्ड कप आला की याच शहरात ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे आणि खेळाडूंचे भलेमोठे कटआउट लागतात. पण ती चार वर्षांतून एकदाची जत्रा. रोजचं घर म्हणजे पेठ.

एका सामन्यात मी फार वाईट वागलो. सामना कुणाशी होता ते सांगत नाही. समोरच्या बॅकच्या चुकीने आम्हाला पेनल्टी मिळाली आणि आम्ही जिंकलो. त्यानंतर सुटेपर्यंत मी त्या पोराला शिव्या देत होतो. साध्या नाही, आईवरून. शेजारचे हसत होते, मला चेव येत होता. बाहेरून आलेल्या माणसाला आपण इथलेच आहोत हे दाखवायची जरा जास्तच घाई असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकीण मावशींची पाण्याची मोटार जळाली. त्यांनी वाइंडिंगवाल्याला निरोप धाडला. थोड्या वेळाने गुडघ्याला पट्टी बांधलेला एक पोरगा पान्यांची पिशवी घेऊन आला. तोच! मी आतल्या खोलीत सटकणार, तेवढ्यात मावशींनी हाक मारली, "बॅटरी धरा की जरा त्याला." धरली. तो पालथा पडून नट सोडवत होता आणि मी उजेड दाखवत होतो. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग मान वर न करता तो म्हणाला, "काल आवाज लई लागला होता तुमचा."

मी गप्प.

"शिव्या द्या, त्याचं काय नाही. आम्हीबी देतो. आई काढू नका. काल आई आली होती बघायला."

मावशींनी चहा केला. तो प्यायला, मोटार खोलून घेऊन गेला, दोन दिवसांनी बसवून दिली. पैसे पुरेपूर घेतले, एक रुपया सोडला नाही. :-)

पुढच्या हंगामात त्यांच्याशी पुन्हा सामना पडला. मी पुन्हा ओरडलो, अगदी घसा बसेपर्यंत. आमचा संघ जिंकावा आणि त्याने पुन्हा चूक करावी असंच मनापासून वाटत होतं. फक्त आई काढली नाही. त्यानंतर कधीच, कुणाचीच नाही.

मला कुणी खिलाडूवृत्तीवर भाषण देऊन हे शिकवलं असतं का? शक्यच नाही. तो माझ्या दारात पाने घेऊन आला म्हणून शिकलो. आमच्या पोरांनी ज्यांना फोनवरून शिव्या दिल्या त्यांच्यापैकी कुणीही केडगावात मोटार दुरुस्त करायला येणार नाही. म्हणून त्या शिव्यांना तळ नाही.

आता दादा लगेच म्हणेल, की कोल्हापुरात दगडफेक झालेली नाही का? सामने बंद पाडलेले नाहीत का? झालीय, पाडलेत. त्याहून वाईट सांगतो. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्यात, ईडन गार्डन्सवर, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात प्रेक्षकांत मारामारी आणि चेंगराचेंगरी झाली आणि सोळा माणसं मेली. एकाच शहरातली, एकच भाषा बोलणारी. तेव्हा शेजारी असलं की वैर आपोआप शहाणं होतं असलं काही मी म्हणणार नाही. ते सोळाजण मला खोटं पाडतील.

पण त्या शहराने पुढे काय केलं ते बघा. दोन क्लब मिळून एक केला नाही. १६ ऑगस्टला तिथे रक्तदान होतं, त्या सोळा जणांच्या नावाने. सामने चालू राहिले, वैर चालू राहिलं. मग ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या आर. जी. कर हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टर मुलीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. १८ तारखेला ड्युरँड कपमध्ये याच दोघांचा सामना होता, तो सुरक्षेचं कारण देऊन रद्द केला गेला. त्या संध्याकाळी दोन्हीकडचे लोक, आणि मोहमेडन स्पोर्टिंगचेही, आपापल्या रंगाचे टी-शर्ट घालून सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर त्या मुलीसाठी एकत्र उभे राहिले. पोलिसांच्या लाठ्याही खाल्ल्या. नीट बघा, रंग कुणीच उतरवले नव्हते. दोन रंग होते म्हणूनच ती एकी दिसली. सगळ्यांनी एकच टी-शर्ट घातला असता तर ती नुसती गर्दी दिसली असती.

म्हणून मला हा 'एकच संघ' नको आहे. एकच संघ केला की पोरं खेळणार कुणाशी? रविवारचा सामना बंद पडेल. प्लॉटवर आठ दिवस उत्साह राहील, मग गाड्या लागतील. पोरं घरात जाऊन फोन उघडतील आणि ज्या वैराला तोंड नाही, दार नाही, आई नाही, असलं वैर धरून बसतील. आपण भांडण मिटवत नाही आहोत, ते डोळ्यांआड ढकलतोय.

आणि आता जे मीटिंगमध्ये कुणीच बोललं नाही ते बोलतो. त्या दिवशी पहिला धक्का कुठल्याही पोराने मारला नाही. रेषेच्या बाहेर उभ्या असलेल्या बापांनी मारला. गोल झाला की नाही यावर आधी आपण एकमेकांच्या अंगावर गेलो, पोरं मागून आली. दात मात्र पोराचा पडला. मग शिक्षा पोरांच्या संघाला कशासाठी? ठराव करायचाच असेल तर असा करू: दोन्ही संघ राहतील, टी-शर्ट वेगवेगळे राहतील, आणि सामना चालू असताना आपण मोठे प्लॉटवर नसू, आपापल्या गच्चीवर असू. सामन्याआधी प्लॉट दोन्हीकडच्या पोरांनी मिळून झाडायचा. सामन्यानंतर हरलेल्यांना जिंकलेल्यांनी वडापाव द्यायचा आणि तो देताना हवं तेवढं चिडवायचं. आई सोडून.

ज्या पोराचा दात पडला तो पलीकडच्या गल्लीतला. काल संध्याकाळी मी त्याच्या घरी जाऊन आलो. मीही त्या दिवशी रेषेबाहेर उभा होतो, आणि हात माझाही उचलला गेला होता, हे सांगायला. त्याच्या वडिलांनी आधी दारातच उभं ठेवलं, मग आत घेतलं. पोरगं फटीतून हसत म्हणालं, "काका, पण तो गोल नव्हताच."

होता. शंभर टक्के होता. पण ते रविवारी बघू.

दादा, तुझा हात खाली येतोय का सांग.