आगीच्या माथी किती मारायचे?

कुलवृत्तांताच्या कामात मुरलेल्या माणसाला ‘नोंद मिळत नाही’ हे वाक्य नवे नाही. आपल्याकडे त्यामागे पूर, वाळवी नाहीतर भाऊबंदकी असते. आयर्लंडमध्ये १९२२ ची आग. खापरपणजीचे लग्न कुठे लागले, असे विचारा. ठरलेले उत्तर येते, सगळे डब्लिनला जळाले. खडकी, अहमदनगर, कुलाबा इथल्या छावण्यांत राहून गेलेल्या आयरिश शिपायांच्या वंशजांसाठी काम करणारे आपले काही वाचकही हल्ली तेवढेच लिहून फाईल बंद करतात. ते आम्हाला मान्य नाही.

आग खोटी नव्हे. यादवी युद्ध पेटल्यावर, ३० जून १९२२ रोजी, फोर कोर्ट्सच्या आवारातले पब्लिक रेकॉर्ड ऑफिस स्फोटाने आणि आगीने बेचिराख झाले. १८२१ ते १८५१ च्या शिरगणत्या थोडी पाने वगळता गेल्या, मृत्युपत्रे गेली, चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून अधिक पॅरिश-वह्या गेल्या. पण १८६१ आणि १८७१ च्या शिरगणत्या त्याआधीच सरकारी हुकमाने नष्ट झाल्या होत्या, आणि १८८१ व १८९१ च्या पहिल्या महायुद्धात लगद्यात गेल्या. आगीच्या खात्यावर मांडलेल्या नुकसानीत कारकुनांचा वाटा असा मोठा आहे.

लग्नाच्या बाबतीत तर हा हिशेब आणखी फसतो. आयर्लंडची बहुसंख्य प्रजा कॅथलिक, आणि कॅथलिक पॅरिशच्या वह्या सरकारी दप्तर कधी नव्हत्याच. त्या पाद्र्यांच्याच ताब्यात राहिल्या. फोर कोर्ट्सशी त्यांचा संबंध नाही. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९५० च्या दशकापासून त्यांच्या मायक्रोफिल्म काढल्या आणि जुलै २०१५ मध्ये हजाराहून अधिक पॅरिशांची, साधारण १८८० पर्यंतची पाने सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. त्यांत लग्न सापडले नाही, तर बहुतेक वेळा वहीच उशिरा सुरू झालेली असते. शहरांत आणि पूर्वेकडे अठराव्या शतकातल्या वह्या मिळतात. पश्चिमेकडच्या कितीतरी पॅरिशांत १८२० च्या आधीचे एकही पान नाही.

सरकारी नोंदणी आली ती दोन टप्प्यांत. १ एप्रिल १८४५ पासून कॅथलिकेतर लग्नांची, आणि १ जानेवारी १८६४ पासून सर्वांची. मधल्या जवळजवळ एकोणीस वर्षांत, ज्यात महादुष्काळही आला, कॅथलिक जोडप्याच्या लग्नाला पाद्र्याच्या वहीखेरीज दुसरा कागद नाही.

त्या वहीलाही कायदा काय किंमत देत होता, हे येल्व्हर्टन प्रकरणात दिसते. ऑगस्ट १८५७ मध्ये रॉस्ट्रेव्हरजवळ किलोवेनच्या कॅथलिक चॅपेलमध्ये पाद्र्याने मेजर विल्यम चार्ल्स येल्व्हर्टन आणि तेरेसा लाँगवर्थ यांचे लग्न लावले. वर्षही पुरते उलटले नव्हते, तोच मेजरसाहेबांनी एडिंबरात एका विधवेशी संसार थाटला आणि आधीचे लग्न हे लग्नच नव्हे, असे सांगितले. दुसऱ्या जॉर्जच्या अमदानीतला कायदा त्यांच्या बाजूला होता : वधूवरांपैकी एक जण जरी प्रॉटेस्टंट असेल, किंवा मागच्या बारा महिन्यांत तसा राहिला असेल, तर कॅथलिक पाद्र्याने लावलेले लग्न रद्दबातल. तेरेसाला पुरवलेल्या मालाचे पैसे मेजरकडून वसूल करण्यासाठी एकाने डब्लिनच्या कोर्टात दावा लावला, आणि १८६१ मध्ये ज्यूरीने लग्न खरे ठरवले. शहराने जल्लोष केला. १८६४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सचा अंतिम कौल मात्र मेजरच्या पारड्यात पडला. तो कायदा रद्द झाला १८७० मध्ये.

आपल्या कामाच्या दृष्टीने त्या कायद्याचा परिणाम मोठा आहे. शहाणी मिश्र जोडपी चर्च ऑफ आयर्लंडमध्ये जाऊन लग्न लावत आणि मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये करत. वंशज मात्र बाप्तिस्म्याच्या वहीवरून कॅथलिक चर्चमध्ये लग्न शोधत बसतो. लग्न १८४५ नंतरचे असेल तर पॅरिशची वही जळाली तरी हरकत नाही, निबंधकाकडे पाठवलेली प्रत शाबूत आहे. त्याआधीचे असेल आणि त्याच पॅरिशची वही फोर कोर्ट्समध्ये गेलेली असेल, तर आगीला बोल लावायचा तो इथे. तरीही विवाह-परवान्यांच्या बाँडांच्या सूची वाचल्या आहेत. त्या न पाहता हात झटकू नयेत.

नोंद सापडली तरी ती वाचता यावी लागते. सरकारी नोंदीत वधूवरांचे राहण्याचे ठिकाण, धंदा, साक्षीदार आणि दोघांच्या वडिलांची नावे असतात. आईचे नाव नसते. वयाच्या रकान्यात पुष्कळदा आकड्याऐवजी ‘फुल एज’ असते, त्याचा अर्थ फक्त एकवीस किंवा त्याहून अधिक. आईचे माहेर हवे असेल तर मुलांच्या कॅथलिक बाप्तिस्म्याकडे जावे, तिथे ते बहुधा मिळते. लग्न शक्यतो वधूच्या पॅरिशमध्ये, आणि फार करून लेंटचा उपवासकाळ सुरू होण्याआधीच्या आठवड्यांत. तेव्हा शोध जानेवारी-फेब्रुवारीपासून सुरू करणे सोयीचे. पाद्री लॅटिनमध्ये लिहीत असेल तर जेम्स तिथे जाकोबुस होतो, विल्यम गुलिएल्मुस. आडनावामागचे ‘ओ’ किंवा ‘मॅक’ एका पिढीत असते, पुढच्या पिढीत गळते.

सूचीचा सापळा वेगळाच. नवरा आणि नवरी यांची नावे सूचीत स्वतंत्र असतात, आणि दोघांपुढे एकच जिल्हा, खंड आणि पान दिसले की नवशिके खूश होतात. एका पानावर एकाहून जास्त लग्ने असतात, राव! मूळ पान उघडल्याशिवाय कोणाचे कोणाशी लागले ते कळत नाही. पाने उघडायला आता पैसेही पडत नाहीत : पंचाहत्तर वर्षांपूर्वीची लग्ने आयरिश सरकारने विनामूल्य दाखवायला ठेवली आहेत.

आणि लग्न आयर्लंडमध्येच लागले, हे तरी कशावरून? जॉन केनेडी यांचे पणजोबा पॅट्रिक केनेडी आणि पणजी ब्रिजेट मर्फी, दोघेही वेक्सफर्ड काउंटीतले. लग्न १८४९ मध्ये बॉस्टनला. शिपायांचेही तसेच : ‘रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स’ हे नाव १८८१ मध्ये आले, पण त्या पलटणीत मिसळलेली एक पलटण त्याआधी बॉम्बे फ्युझिलिअर्स होती. मुंबई इलाख्यातल्या चर्चमध्ये लागलेल्या लग्नांच्या प्रती लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन/३’ या मालिकेत आहेत. खडकीच्या शिपायाचे लग्न कॉर्कमध्ये शोधण्याआधी ती मालिका चाळलेली बरी.

तेव्हा पुढील अंकापासून ‘नोंद उपलब्ध नाही’ एवढ्यावर थांबलेली वंशावळ आम्ही छापणार नाही. कोणत्या पॅरिशची वही पाहिली, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, मधली कोणती पाने गहाळ होती, मूळ पाहिले की नुसती सूची, हे सोबत लिहून पाठवावे. हे टिपण तक्त्याखाली पूर्ण छापले जाईल. त्याला शब्दमर्यादा नाही.